दुर्बीण आणि अंतर

दूरची वस्तु जवळ दिसणें निराळें आणि ती किती दूर आहे हें कळणें निराळें. पहिली विद्या जुनी. सन १६०८ त हॉलंडांत चष्मे करणाऱ्या हान्स लिपरशे यानें दुर्बिणीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. सरकारनें त्याजकडून दोन्ही डोळ्यांची दुर्बीणही करविली. अंतर मात्र शिकारी अंदाजानेंच ठरवी. अंदाज चुकला कीं गोळी वर्मीं न लागतां जनावर जखमी होऊन रानांत तडफडे.

पुढें १८८८ त बार व स्ट्राउड या दोघां ब्रिटिश प्राध्यापकांनीं एका लांब नळीच्या दोन टोकांतून येणाऱ्या प्रतिमा जुळवून त्रिकोणाच्या गणितानें अंतर काढण्याचें यंत्र योजिलें. तें युद्धनौकांच्या उपयोगीं पडलें. शिकाऱ्याच्या गळ्यांत मावण्याजोगें नव्हतें.

१९६० त लेसर निघाला, आणि १९९२ त जर्मनीच्या लायका कंपनीनें लेसरनें अंतर मोजणारी दुर्बीण बाजारांत आणली. ३०० मीटरांवरील हरणापर्यंत जाऊन परतण्यास प्रकाशास सेकंदाचा सुमारें पांच लाखावा भाग लागतो. तेवढ्यावरून अंतर निघतें. परंतु किरण आड आलेल्या फांदीवरूनही परततो, म्हणून दोनतीनदां मोजावें. डोंगरउतारावर गोळीचें खालीं येणें आडव्या अंतरावर अवलंबून असतें. म्हणून उताराचा कोन जमेस धरणारी दुर्बीण निवडावी.

आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यानें वन्य पशूंच्या शिकारीस बंदी आली. जेथें शिकारीस परवानगी आहे, तेथें या यंत्राचें खरें मोल एकच: अंतर आटोक्याबाहेर दिसतांच शिकाऱ्यानें बंदूक खालीं ठेवावी.