बालेकिल्ला नेमका कोणाचा? हुडकेश्वरहून रामटेककडे पाहताना

१/ हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिण टोकाचे एकेकाळचे गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. मात्र येथील मतदार विधानसभेसाठी कामठी मतदारसंघात मत देतो आणि लोकसभेसाठी रामटेकमध्ये. राहतो नागपुरात, खासदार निवडतो रामटेकचा! मतदार यादीत प्रथमच स्वतःचे नाव शोधणारा तरुण येथे हमखास गोंधळतो. आजची कथा याच रामटेकची आहे.

२/ निवडणुकीच्या काळात ‘सुरक्षित मतदारसंघ’ हा शब्द वारंवार कानी पडतो. ‘राखीव’ आणि ‘सुरक्षित’ यांत मात्र गल्लत करू नये. राखीव मतदारसंघ कायद्याने ठरतो. सुरक्षित मतदारसंघ कोणत्याही कायद्यात नसतो. तो असतो पक्षाच्या मनात. तेथे उमेदवारी मिळाली की विजय मिळालाच, असा तो विश्वास. मराठीत आपण त्याला ‘बालेकिल्ला’ म्हणतो.

३/ ऑस्ट्रेलियात या विश्वासाचे चक्क मोजमाप होते. दोन प्रमुख पक्षांच्या अंतिम लढतीत विजेत्याला ६० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, तर ती जागा ‘सुरक्षित’. ५६ टक्क्यांच्या आत राहिली, तर ‘काठावरची’. आपल्याकडे लढती बहुरंगी असतात, त्यामुळे असे साधे माप चालत नाही. आपला बालेकिल्ला ठरतो तो इतिहासावरून. म्हणून रामटेकचा इतिहास पाहू.

४/ १९५७ पासून रामटेकने सार्वत्रिक निवडणुकांत सातत्याने काँग्रेसचा खासदार निवडला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत फॉरवर्ड ब्लॉकचे राम हेडाऊ जिंकले, तेवढाच अपवाद. ते दिवस जांबुवंतराव धोटे यांच्या विदर्भवादी झंझावाताचे होते. तटाला पहिले भगदाड पडले ते असे, आणि लोक ते लवकरच विसरलेही.

५/ विसरण्याचे कारण १९७७. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातील सर्व ८५ जागा काँग्रेसने गमावल्या. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पराभूत झाल्या. महाराष्ट्रातही ४८ पैकी २० जागाच हाती राहिल्या. त्या वादळात नागपूर आणि रामटेक हे दोन्ही मतदारसंघ काँग्रेसबरोबर राहिले. रामटेकमधून जतीराम बर्वे निवडून आले. १९८० मध्ये पुन्हा तेच.

६/ पंतप्रधानांची जागा जाते आणि रामटेक टिकते! दिल्लीतील नेत्यांच्या नजरेत हे भरले नसते तरच नवल. आता १९८४ कडे येऊ. पी. व्ही. नरसिंह राव तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते. आंध्र प्रदेशातील हनमकोंडा येथून ते १९७७ आणि १९८० असे दोनदा निवडून आले होते. परंतु १९८२ मध्ये एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम स्थापन केला आणि आंध्रची हवा पालटली.

७/ रावांनी १९८४ मध्ये दोन अर्ज भरले: एक हनमकोंड्यातून, दुसरा रामटेकमधून. निकाल विलक्षण लागला. देशभर काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या, आणि त्या लाटेतही राव आपल्या घरच्या मतदारसंघात हरले. हरवणारे होते भाजपचे चंदुपटला जंगा रेड्डी. भाजपला त्या वर्षी लोकसभेत अवघ्या दोन जागा मिळाल्या. त्यांतली एक ही.

८/ रामटेकने मात्र रावांना संसदेत पाठवले. राव येथे अगदीच परके नव्हते. कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपुरात घेतले होते. मराठी त्यांना उत्तम अवगत होती, ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनीच केला. तरीही प्रश्न उरतोच. रामटेकने राव निवडले, की काँग्रेसने रामटेक निवडले?

९/ १९८९ मध्ये काँग्रेसची केंद्रातील सत्ता गेली, तरी राव रामटेकमधून पुन्हा विजयी झाले. १९९१ मध्ये त्यांनी निवडणूकच लढवली नाही. रामटेकमधून तेजसिंहराव भोसले गेले. राजीव गांधींच्या हत्येनंतर राव पंतप्रधान झाले आणि आंध्रातील नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. रामटेकचा खासदार देशाचा पंतप्रधान झाला, पण तेव्हा तो रामटेकचा उरला नव्हता.

१०/ सुरक्षित जागेची किंमत येथे दिसते. पक्षाला तेथे उमेदवार बाहेरून आणता येतो, कारण मतदार गृहीत धरलेला असतो. पण गृहीत धरलेला मतदार एके दिवशी हिशेब मागतो. १९९९ मध्ये काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली आणि दोन्ही पक्ष स्वतंत्रपणे लढले. रामटेकमध्ये शिवसेनेचे सुबोध मोहिते निवडून आले. सार्वत्रिक निवडणुकांतील चार दशकांची सलगता तुटली.

११/ मग जागा मोहित्यांची झाली का? २००४ मध्ये ते पुन्हा जिंकले. नंतर ते काँग्रेसमध्ये गेले आणि २००७ च्या पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या प्रकाश जाधवांकडून हरले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत रामटेक अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. २००९ मध्ये काँग्रेसचे मुकुल वासनिक, २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे कृपाल तुमाने, २०२४ मध्ये काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे. कायद्याने राखीव, पण सुरक्षित कोणासाठीच नाही.

१२/ तुलनेसाठी सांगोला पाहा. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख त्या दुष्काळी तालुक्यातून १९६२ ते २०१४ या काळात ११ वेळा आमदार झाले. असा बालेकिल्ला महाराष्ट्रात दुर्मीळच. तरी १९७२ मध्ये ते हरले आणि १९९५ मध्ये केवळ १९२ मतांनी पडले. दोन्ही वेळा त्यांनी लोकांत राहूनच जागा परत मिळवली. ज्याला पराभव ठाऊक असतो, तो मतदाराला गृहीत धरत नाही.

१३/ पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेतील नेडलँड्सची जागाही अशीच. १९५३ ते २००१ तेथे आधी चार्ल्स कोर्ट आणि मग त्यांचे पुत्र रिचर्ड कोर्ट हे लिबरल पक्षाचे नेते निवडून येत. दोघेही त्या राज्याचे प्रमुख झाले. २०२१ मध्ये मजूर पक्षाने ५९ पैकी ५३ जागा जिंकल्या, त्यांत नेडलँड्सही होती. २०२५ मध्ये ती पुन्हा लिबरल पक्षाकडे आली.

१४/ आता परत हुडकेश्वरला येऊ. कामठी विधानसभेत २००४ पासून भाजप जिंकत आला आहे. २०१९ मध्ये चंद्रशेखर बावनकुळे यांच्याऐवजी टेकचंद सावरकर उमेदवार झाले, तरी जागा पक्षाकडेच राहिली. २०२४ मध्ये बावनकुळे परतले. पण त्याच वर्षी काही महिने आधी, कामठी ज्याचा भाग आहे त्या रामटेकने लोकसभेला काँग्रेसचा खासदार निवडला होता.

१५/ तेव्हा ‘आमच्याकडे निकाल ठरलेलाच असतो, माझ्या मताने काय होणार?’ असे कोणी म्हणाले, तर त्याला १९९९ चे रामटेक सांगा आणि सांगोल्याची १९२ मते सांगा. गडावर नाव कोणाचेही असो, दरवाजा आतूनच उघडतो. आणि आत असतो तो मतदार.