दीड टन कशाचा?

एसीच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ब्रँडचा नसतो. "दादा, किती टनचा दाखवू?" असं विचारतात. आपणही ठोकून देतो, "दीड." मशीनचं वजन काही दीड टन नसतं. मग हा दीड टन कशाचा?

बर्फाचा. शून्य अंशाचा एक अमेरिकन टन बर्फ, म्हणजे साधारण ९०७ किलो, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फाच्या रूपातच विकला जायचा, म्हणून माप त्याचंच राहिलं. हा बर्फ आपल्याकडे जहाजाने यायचा. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला १०० टनांच्या आसपास उरला. पुढच्या वर्षी तो मुंबईतही आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि मंडळींना सर्दी झाली, हा तेव्हाचा किस्सा आजही सांगतात.

गंमत बाजूला ठेवली तरी हिशेब उरतोच. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट, म्हणजे दीड टन ५.३ च्या जवळपास जातो. पण 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मशीनच्या लेबलवर क्षमता ५ किलोवॅट किंवा त्याहून कमी असते. दोन ब्रँडची तुलना करताना टन सोडून द्यावा आणि किलोवॅट वाचावेत.

आम्ही गोखिवऱ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात रात्रपाळी करतात आणि सकाळी नऊला झोपतात. एप्रिलमध्ये अकरापासून स्लॅब तापायला लागतो. दुपारी घामाने उठून बसलेला माणूस रात्री परत मशीनसमोर उभा राहतो, त्यामुळे घरातला पहिला एसी ही आमच्यासाठी चैन नव्हती.

शिवाय वसईचा उकाडा नुसता तापमानाचा नाही. पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. मजा म्हणजे एसीचा जन्मच दमटपणातून झाला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढणारी यंत्रणा आखली. माणसांना गार वाटावं हा उद्देश नव्हताच, कागद सरळ राहावा एवढंच हवं होतं. आपल्यासाठी याचा अर्थ असा की खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला, तर तो हवा झटकन गार करून मंदावतो किंवा थांबतो आणि ओल तशीच राहते. "एक साइज मोठाच घ्या" हा सल्ला चपलांना ठीक.

मुंबईकरांना थंड हवेची गोडी लागली ती बरीचशी थिएटरांत. १९३३ मध्ये उघडलेलं कुलाब्याचं रीगल हे देशातलं पहिलं वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून ओळखलं जातं. ब्रँड नंतर आले. १९४३ मध्ये मोहन अडवाणींनी मुंबईत ब्लू स्टार सुरू केली ती जुने फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यासाठी. आज तिचा एक कारखाना आपल्याच पालघर जिल्ह्यात, वाड्याला आहे. व्होल्टास १९५४ ची, आणि तिच्या नावातच दोन घराणी आहेत: १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबईत एकाच वेळी सुरू झालेली फोल्कार्ट ब्रदर्स, आणि टाटा. इतिहास म्हणून मला हे सगळं आवडतं, पण खरेदीसाठी तेवढं पुरत नाही. अंबर एंटरप्रायझेससारखी कंपनी अनेक ब्रँडसाठी एसी आणि त्यांचे भाग बनवते, आणि तिचं नाव घराघरांत कुणी ऐकलेलं नसतं. डब्यावरचं नाव जुनं असतं, आतला माल कुणाचाही असू शकतो.

मग स्टार बघावेत का? बघावेत, पण तारखेसकट. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ मध्ये लेबलं सुरू केली आणि २०१० पासून ती एसीला सक्तीची झाली. मोजपट्टी मात्र सरकत राहते. स्प्लिट एसीला २०१८ च्या तक्त्यात पाच स्टारसाठी आयएसईईआर ४.५ पुरायचा, जुलै २०२२ पासून ५ लागू लागला. म्हणजे ४.६ चं मशीन कपाटात ठेवल्या ठेवल्या पाचाचं चार स्टार झालं. म्हणून लेबलवरचा कालावधी वाचायचा. या आकड्याच्या हिशेबात बाहेरच्या तापमानाचे २४ ते ४३ अंशांचे टप्पे आहेत, दमटपणाचे नाहीत. जयपूर आणि वसईला एकच लेबल.

लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांसाठी असतात. पाच आणि तीन स्टारमध्ये २०० युनिटांचा फरक धरला आणि युनिटला १२ रुपये, तर वर्षाला २४०० रुपये वाचतात. पण बाबांची झोप आठ तासांची. मार्च ते मध्य जून आणि ऑक्टोबर मिळून १३५ दिवस, म्हणजे १०८० तास. बचत उरली १६०० रुपयांच्या आसपास. पाच स्टारला ८००० जास्त मोजले, तर ते फिटायला पाच वर्षं. दुपारच्या उन्हात मशीन जास्त राबेल म्हणून थोडी कमी धरा.

खरा प्रश्न मग मशीन पाच वर्षं टिकेल का, हा झाला. खाडी आणि समुद्र जवळ, हवेत मीठ. बाहेरच्या युनिटची कॉइल तांब्याची आहे का, तिच्यावर गंजरोधक थर आहे का, वॉरंटीत कॉइल येते का, हे मी स्टारच्या आधी विचारलं. दुसरं विचारलं ते सर्व्हिस सेंटरला फोन करून: वसई पूर्वेला माणूस किती दिवसांत येतो? दुकानदाराला नाही विचारलं, तो "उद्याच" म्हणतो. आणि दरवर्षी "गॅस भरावा लागेल" असं सांगणाऱ्याला विचारायचं, गळती कुठे आहे? गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही.

चार ब्रँडपैकी दोन फोनवरच गळले. उरलेल्या दोनांत ज्याच्या वॉरंटीत कॉइल स्पष्ट लिहिली होती, तो घेतला. पाच स्टार, ५ किलोवॅट. गच्चीला पांढरा रंग मारायचा विषय सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये आहे. सेक्रेटरी म्हणतात, आधी पाण्याच्या टाकीचं बघू.