वाघाच्या कातडीला रफू

रफू हा शब्द आपल्याकडे फारसी-उर्दूतून आला आणि मराठी घरात कायमचा राहिला. फाटलेल्या शालीवर चांगला रफूगर असे काम करतो की कुठे फाटले होते, ते मालकालाही सापडू नये. कापडाच्या बाबतीत ही कला कौतुकाचीच आहे. पण हेच रफू वाघाच्या कातडीला केले तर? गोळी शिरली ते भोक नाहीसे होते आणि वाघ जणू आपल्या मर्जीने दिवाणखान्यात येऊन उभा राहिला आहे, असे वाटू लागते.

जुन्या राजवाड्यांत, क्लबांत, वस्तुसंग्रहालयांत पेंढा भरलेले वाघ, बिबटे, गवे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात तर शाळांच्या सहली खास त्यासाठी थांबतात. मुले विचारतात, "हा खरा आहे का?" मोठी माणसे म्हणतात, "खराच आहे, फक्त आत भुसा आहे." या उत्तरात अर्धेच सत्य आहे. त्या वाघात भुशाबरोबर पुष्कळ डागडुजीही असते. त्या डागडुजीचा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगितलेला नाही. तो सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

हिंदुस्थानात या धंद्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे म्हैसूर. डच वंशाच्या यूजीन व्हॅन इंजेन यांनी 1900 च्या सुमारास तेथे कारखाना काढला. त्यांच्या तीन मुलांची नावे होती डी वेट, बोथा आणि जूबेर. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढलेल्या बोअर सेनापतींची ही नावे. गंमत अशी, की याच मुलांनी पुढे इंग्रज साहेबांचे आणि संस्थानिकांचे हजारो वाघ भरून दिले. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे या एका कारखान्यातून चाळीस हजारांहून अधिक वाघ-बिबटे तयार होऊन बाहेर पडले. आज या देशात उरलेल्या वाघांच्या कितीतरी पट हा आकडा आहे.

कारखान्यात येणारे कातडे क्वचितच निर्दोष असे. शिकार व्हायची दूर जंगलात, बहुधा उन्हाळ्यात. वाघ पडला की आधी फोटो, मग मोजमाप, मग मेजवानी. तोवर कातडे उन्हात तापून सडू लागे. कातडे सडू लागले की केस मुळापासून सुटतात आणि बोट लावताच झुपक्याने हातात येतात. पोटाकडचा आणि कानांमागचा भाग आधी जातो. वेळेवर मीठ चोळले नाही, किंवा मीठ न लावता कातडे दुमडून ठेवले, तर पुढे कुठलाही उस्ताद ते पूर्ववत करू शकत नसे.

दुसरा दोष मिश्यांचा. वाघाच्या मिश्या कापून कुणाला खाऊ घातल्या तर माणूस मरतो, असा समज देशभर होता. त्यामुळे काही ठिकाणी वाघ पडताच त्याच्या मिश्या जाळून टाकीत, तर काही ठिकाणी त्या गुपचूप उपटल्या जात. नखे आणि चरबी यांचीही तीच गत. शिकाऱ्याच्या हाती पुष्कळदा बिनमिश्यांचा वाघ येई. मग कारागीर दुसऱ्या प्राण्याचे राठ केस लावून त्याला पुन्हा मिश्या देत.

तिसरा दोष गोळीचा. आत शिरताना गोळी लहान भोक करते, पण पलीकडून बाहेर पडताना कातडे फाडून जाते. जखमी वाघावर जवळून झाडलेली गोळी बहुधा डोक्यातच बसे. ज्या डोक्यासाठी एवढा खटाटोप, तेच फुटलेले.

म्हैसूरच्या कारागिरांचे कसब येथे पणाला लागे. ते नुसता पेंढा कोंबत नसत. वाघाच्या अंगाचे साचे तयार असत. त्या साच्यांत कागदाचा लगदा थापून पोकळ आणि हलके धड तयार होई. कमावलेले कातडे ओले असतानाच त्यावर चढवून शिवण घालीत. भोकाच्या कडा आतून जुळवून बारीक टाके घालीत. तुकडा कमी पडला, तर जिथे नजर जात नाही अशा ठिकाणचे कातडे काढून तिथे बसवीत आणि पट्ट्याला पट्टा जुळवीत. नाक, ओठ, हिरड्या वाळून आक्रसत. त्या मेणाने व लुकणाने पुन्हा घडवून रंगवीत. शेवटी काचेचे डोळे बसवीत. इतके झाल्यावर वाघ जबडा उघडून गुरगुरत उभा राही. कदाचित झोपेत किंवा पाणी पिताना मारला गेलेला तो वाघ भिंतीवर मात्र हल्ला करतानाच दिसे. या डागडुजीचे मोठे काम तेच होते. गोळीच्या भोकाबरोबर मारणाऱ्याची सोयही झाकली जाई आणि त्याचे शौर्य तेवढे उघडे राही.

हे सगळे टिकवण्यासाठी त्या काळच्या कारागिरांकडे एक जालीम औषध होते, ते म्हणजे सोमल. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेट्झ गावच्या बेकर नावाच्या औषधविक्याने सोमलाचा साबण तयार केला आणि युरोपभर संग्रहालयांतले पक्षी किड्यांपासून वाचले. तेच विष पुढे कारखान्यांतून आणि शिकारी छावण्यांतून सर्वत्र पोचले. आजही जुन्या वाघाच्या कातडीत ते असू शकते. म्हणून अशा वाघावरची धूळ झटकणे, मुलांना त्यावर बसवणे, उघड्या हाताने त्याची डागडुजी करणे धोक्याचे आहे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. कातडे कमावण्याला आपण दबागत म्हणतो. कमावल्याने कातडे पाक होते, असे हदीसमध्ये आले आहे, आणि चामड्याच्या धंद्यातील आपल्या बांधवांना ते चांगले ठाऊक आहे. पण हिंस्र श्वापदांची कातडी अंथरण्यास मनाई करणारी हदीसही आहे, तिची आठवण फार कमी जणांना असते. अन्नासाठी शिकारीला परवानगी आहे. मात्र जिवंत प्राण्याला नुसते निशाण बनवू नये, अशीही ताकीद आहे. वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून फोटो काढणाऱ्या नवाबांनी ती ताकीद कितपत ऐकली, हे त्या फोटोंतच दिसते.

येथे मोगलांचा विषय निघणारच. मेलेल्या जनावराचे डोके फळीवर ठोकून नावनिशीने दिवाणखान्यात टांगायची रीत आपल्याकडे रुजली ती इंग्रजांच्या काळात. मोगल बादशहा प्राणी जपत ते कागदावर. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून एक अनोखा पक्षी आणला. तो टर्की होता. जहांगीरने त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. त्याचा चित्रकार मन्सूर, ज्याला त्याने नादिर-उल-अस्र हा किताब दिला, त्याच्या कुंचल्यातील पक्षी आजही जिवंत वाटतात. जहांगीरचा एक पाळीव काळवीट मेला, तेव्हा लाहोरजवळ शेखुपुऱ्याला त्याच्या कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला गेला आणि त्या रानात हरणाच्या शिकारीला बंदी झाली. तेथे उभा राहिलेला हिरन मिनार आजही आहे.

ही गोष्ट आपल्याला सांगायला आवडते. भाषणात, लेखात, वर्गात आपण ती सांगतो. पण त्याच जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या शिकारीचा हिशेबही दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरे मारली गेली. त्यांपैकी 17,167 त्याने स्वतःच्या हाताने मारली. त्यांत 86 शेर होते, आणि दहा हजारांहून अधिक तर नुसती कबुतरे. हा आकडा आपण सांगत नाही. आपल्याविरुद्ध लिहिणारे मात्र आकडा सांगतात आणि मिनार गाळतात. दोन्हीकडे रफूच चालले आहे, फक्त भोक वेगळे. खुद्द बादशहाने मात्र दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात लिहून ठेवल्या. त्याच्या काळी त्याला यात लाज वाटली नसेल. तरी त्याचे कातडे त्याने स्वतः रफू केले नाही, एवढे खरे.

भोक न झाकता जपण्याची एक वेगळी रीत आपल्याच मुंबईत वाढली. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत 1908 च्या सुमारास एक मुस्लिम मुलगा मेलेली चिमणी घेऊन गेला. त्याने ती छऱ्याच्या बंदुकीने पाडली होती. गळ्यावर पिवळा डाग असलेला हा पक्षी कोणता, हे घरात कुणाला ओळखता येईना, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला तिकडे पाठवले. सोसायटीचे मिलर्ड साहेब त्याला खणांतले भरलेले पक्षी दाखवू लागले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पक्ष्याचे कातडे सोडवून त्यात कापूस भरायला ते तेथेच शिकले.

अभ्यासासाठी भरलेल्या पक्ष्याला काचेचे डोळे नसतात, त्याला फांदीवर बसवत नाहीत, त्याचे पंख पसरत नाहीत. तो पाठीवर उताणा, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, असा खणात पडून असतो. पायाला मात्र एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मारला, कोणत्या तारखेला, कुणी, नर की मादी, हे सगळे तिच्यावर लिहिलेले असते. भिंतीवरच्या वाघाचे सौंदर्य त्याच्या रफूत असते. खणातल्या पक्ष्याची किंमत त्याच्या चिठ्ठीत असते. चिठ्ठी हरवली तर तो पक्षी अभ्यासाच्या जवळजवळ काहीच कामाचा राहत नाही.

या दोन रीतींची गाठ एकदा विचित्र प्रकारे पडली. स्वातंत्र्याच्या सुमारास आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानात तेथल्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. त्याची हकिगत म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कंपनीच्या नावाने 1948 मध्ये याच सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. संपादकांना ती वाचून इतकी घृणा आली की ती केराच्या टोपलीत टाकावी, असे त्यांना आधी वाटले. तरी नोंद राहावी म्हणून त्यांनी ती छापली आणि आपला संतापही सोबत छापला. 1952 मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ती हकिगत टोपलीत गेली असती, तर त्या रात्रीचा इतका भक्कम पुरावा आपल्या हाती राहिला नसता. 2022 मध्ये नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत सोडले गेले, तेव्हा या जुन्या नोंदीची पुन्हा आठवण निघाली.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि भिंतीवरच्या वाघांचा जमाना संपला. जुन्या ट्रॉफ्यांना मालकीचा दाखला आवश्यक झाला, खरेदी-विक्री बंद झाली आणि परवान्याशिवाय प्राणी भरण्याचा धंदा करण्यास मनाई झाली. म्हैसूरचा कारखाना कसाबसा चालला आणि शतक संपता संपता, 1999 मध्ये, बंद पडला. भावांपैकी जूबेर शंभरी पार करून 2013 मध्ये वारले. कोकणात मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान 1986 मध्ये फणसाड अभयारण्य झाले. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2009 मध्ये प्राणी भरण्याचे केंद्र सुरू झाले. तेथे येतात ते शिकारीचे नव्हेत, तर आजाराने, वार्धक्याने किंवा अपघाताने मेलेले प्राणी.

उरलेल्या जुन्या वाघांचे काय करायचे, हा प्रश्न आता संग्रहालयांपुढे आहे. उजेडाने त्यांचे केशरी पट्टे गवतासारखे फिके पडले आहेत. पावसाळ्यात कातडे फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि डोळ्यांच्या व ओठांच्या कडेला भेगा पडतात. कसर आणि किडे केस कुरतडतात. न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात 2011-12 मध्ये अशाच फिक्या पडलेल्या जुन्या प्राण्यांच्या केसांना हलक्या फवाऱ्याने रंग देऊन ते सुधारण्यात आले. त्यासाठी रंगांच्या आधी चाचण्या घेतल्या गेल्या. चांगली संग्रहालये आता काही नियम पाळतात. किडे मारायला विषाऐवजी थंडी वापरावी. भेगेत पातळ कागद आणि पुढे काढता येईल असाच डिंक वापरावा. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर फोटो काढावेत, काय केले ते वहीत लिहावे. पाहणाऱ्याच्या डोळ्याला खटकू नये, पण तपासणाऱ्याला दिसावी, अशी दुरुस्ती त्यांना हवी असते. जुना रफूगर आणि आजचा दुरुस्तीकार यांच्यातला फरक त्या वहीत आहे.

आम्हाला वाटते, हा धडा केवळ वाघांपुरता नाही. आम्ही शिक्षक मंडळी मुलांपुढे इतिहास मांडतो तेव्हा आमच्याही हातात सुई-दोरा असतो. आपल्या पूर्वजांच्या कातडीवर भोके आहेत. ती दाखवली की काही जण खूश होतील, या भीतीने आपण ती झाकतो. पण झाकलेले भोक दुसऱ्या कुणाला सापडले, की तो अख्खा वाघच खोटा ठरवतो. मग मिनारही खोटा, मन्सूरही खोटा. त्यापेक्षा आपणच चिठ्ठी बांधावी. मिनारावर आणि आकड्यावर, दोन्हींवर. आपल्याला आवडते ते जेवढ्या अभिमानाने सांगतो, तेवढ्याच सरळपणे जे आवडत नाही तेही मुलांना सांगावे.

कातडे जुने झाले की फाटणारच, आणि ते जपायचे तर टाकाही घालावा लागणार. मात्र कुठे टाका घातला आणि का घातला, हे पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले असावे, म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्याला ते वाचता येईल.