खोडी की खाऊ?

३१ ऑक्टोबरची संध्याकाळ अमेरिकेत मुलांची असते. दिवेलागणीला भुतं, चेटकिणी, सांगाडे आणि हल्ली अंतराळवीरसुद्धा रस्त्यावर उतरतात. दारावर थाप पडते, 'ट्रिक ऑर ट्रीट!' असा ओरडा होतो. मराठीत सांगायचं तर, खोडी की खाऊ? घरातलं माणूस हसत वाडगं पुढे करतं, पोरं मूठभर चॉकलेटं पिशवीत टाकतात आणि पुढच्या घराकडे पळतात. हा हॅलोविन. या वाडग्यात जे काही असतं ते सगळं कारखान्यातलं, वेष्टनात बंद केलेलं. घरी केलेला एकही जिन्नस त्यात दिसणार नाही.

गंमत अशी, की याच दिवसांत तिथल्या दुकानांत घरी गोडधोड करण्याच्या सामानाची नुसती रेलचेल असते. वितळवायच्या नारिंगी, जांभळ्या, हिरव्या चकत्या, साखरेचे इवलेसे डोळे, लांब काड्यांसारखी खारी बिस्किटं. लोक हे सगळं घरी नेतात, बिस्किटं चॉकलेटमध्ये बुडवतात, त्यांना डोळे लावतात, भुतं बनवतात. मग ही भुतं जातात कुठे? दारात आलेल्या मुलांच्या पिशवीत ती का पडत नाहीत? इतिहासाची आवड असल्यामुळे मी या प्रश्नाच्या मागे लागले आणि हाती आलं ते बरंचसं खाऊबद्दल आहे, पण त्याहून जास्त शेजाऱ्यांबद्दल आहे.

या सणाचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा सुरू होताना तिथे 'साविन' नावाचा सण असे. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेनं १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात तो युरोपात पक्का झाला. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. गोव्यात आणि वसईत त्या दिवशी ख्रिस्ती कुटुंबं दफनभूमीत जाऊन फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तर संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह', त्याचंच हॅलोविन झालं. इंग्लंडात त्या सुमाराला गोरगरीब आणि मुलं दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात मसाल्याची छोटी गोल भाकरी मिळवत. तिचं नावच 'सोल केक', आत्म्याची भाकरी. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे काही फार परकं वाटायचं कारण नाही.

आयर्लंडात १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळ आला आणि लाखो आयरिश माणसं अमेरिकेत गेली. त्यांच्याबरोबर हा सणही गेला. मायदेशी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, अमेरिकेत भोपळा मिळाला. भोपळा मोठा, कोरायला मऊ. सलगम कोरून बघा, म्हणजे त्यांना किती हायसं वाटलं असेल ते कळेल.

सुरुवातीला तिथे खाऊपेक्षा खोडीच अधिक होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत हॅलोविनच्या रात्री फाटकं काढून न्यायची, खिडक्यांना साबण फासायचा, गाड्यांची चाकं पळवायची, असे उद्योग चालत. आपल्याकडे होळीला लाकडं पळवतात, त्याच जातीचे. पण शहरं वाढली तसा त्याचा त्रास होऊ लागला. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, या दंग्यानं लोक हैराण झाले. तेव्हा गावोगावी एक तोड निघाली. पोरांना घरात बोलवा, काहीतरी खायला द्या, म्हणजे ती फाटकं काढणार नाहीत. 'खोडी की खाऊ' ही आरोळी कॅनडात १९१०-२०च्या दशकांतच ऐकू येऊ लागली होती, ती हळूहळू अमेरिकाभर पसरली. मध्ये दुसरं महायुद्ध आलं. १९४२च्या मे महिन्यापासून साखरेचं रेशनिंग सुरू झालं, ते १९४७च्या जूनपर्यंत चाललं. साखर मोकळी झाली, शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, घराघरात लहान मुलं आली आणि हॅलोविन आज आपण पाहतो तसा झाला.

त्या काळात मुलांच्या पिशवीत काय पडायचं? लाह्यांचे लाडू, म्हणजे पाकात वळलेले पॉपकॉर्नचे गोळे. साखरेच्या पाकात बुडवलेली, काडीला लावलेली सफरचंदं. घरची बिस्किटं, अक्रोड-बदाम, कधी नुसती नाणी. विकतची गोळी-चॉकलेटंही असत, पण ती अनेक जिनसांपैकी एक. कोणत्या काकूंकडचे लाडू चांगले, कोण नुसती सफरचंदं वाटतं, हे पोरांना पाठ असे. संक्रांतीला डबी घेऊन तिळगूळ वाटत फिरलेल्या माझ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. कुणाचा लाडू दाताला दाद देत नाही हे आम्हीही जाणून होतो.

आता चॉकलेटकडे येते. १८९३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते स्वामी विवेकानंदांमुळे माहीत आहे, कारण सर्वधर्मपरिषद त्याचाच भाग होती. याच प्रदर्शनात मिल्टन हर्शी नावाचा पेन्सिल्व्हेनियातला कॅरॅमल बनवणारा कारखानदार हिंडत होता. त्यानं चॉकलेट तयार करण्याची जर्मन यंत्रं पाहिली आणि विकत घेतली. कशासाठी? स्वतःच्या कॅरॅमलवर चॉकलेटचा लेप द्यायला. चॉकलेटची वडी वगैरे नंतरचं. १९०० साली त्यानं कॅरॅमलचा धंदा दहा लाख डॉलरला विकून टाकला आणि सगळा जोर चॉकलेटवर लावला. जगप्रसिद्ध हर्शी कंपनीच्या चॉकलेटची सुरुवात अशी कॅरॅमलवरच्या लेपातून झाली.

हे बुडवण्याचं काम त्या वेळी बायका हातानं करत. कोमट चॉकलेट संगमरवरी फरशीवर घ्यायचं, बोटांनी घोळायचं, त्यात एकेक गोळी बुडवून काढायची आणि ठेवताना वर बोटानं एक वेलांटी काढायची. ही वेलांटी नुसती शोभेची नव्हती. आत कोणतं सारण आहे ते तिच्या आकारावरून ओळखत. चिरोट्याची किंवा करंजीची मुरड बघून कुणाच्या हातची ते सांगणाऱ्या आज्या आपल्याकडे होत्याच की. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चॉकलेटच्या धबधब्याखालून पट्ट्यावरून माल सरकवणारं यंत्र आलं आणि कारखान्यांतलं हे हातकाम बहुतेक संपलं.

घरी बुडवायचं तर खरी अडचण यंत्राची नसते, कोकोच्या तुपाची असते. हे तूप सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतं आणि त्यातल्या एकाच प्रकारानं चॉकलेटला चकाकी येते, मोडताना टक्कन आवाज येतो. त्यासाठी काळं चॉकलेट साधारण ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं. एखादा अंश इकडेतिकडे झाला तर दुसऱ्या दिवशी वर पांढुरके डाग येतात. पाण्याचा थेंब पडला तर सगळं चॉकलेट गोळा होऊन बसतं. त्यामुळे हॅलोविनच्या 'सोप्या' खाऊमागचं गुपित हे, की तो बहुधा खऱ्या चॉकलेटचा नसतोच. त्या रंगीत चकत्यांत कोकोच्या तुपाऐवजी दुसरं वनस्पतिजन्य तेल असतं. वितळवा, बुडवा, ठेवा, आपोआप घट्ट होतं. आपल्याकडे घरी चॉकलेटं करून विकणाऱ्या बायका ज्याला 'कंपाउंड' म्हणतात, तेच हे. चवीला मेणचट लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या हातात खारी काडी देऊन 'बुडव' म्हणायचं असेल तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. रंग मात्र तेलात मिसळणारा हवा, पाण्यातला चालत नाही.

तर मग ही घरची भुतं दारातून बाहेर का पडत नाहीत? कारण भीती. खरी, जिवंत माणसांची.

१९६०च्या दशकात अमेरिकी वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या, की सफरचंदात ब्लेडचं पातं सापडलं, खाऊत टाचणी सापडली. १९६४ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका बाईंनी, खाऊ मागायला आलेल्या थोराड पोरांना चेष्टा म्हणून कुत्र्याची बिस्किटं, भांडी घासायचे तारेचे तुकडे आणि मुंग्यांच्या विषाच्या चकत्या बांधून दिल्या. कुणाला इजा झाली नाही, पण खटला झाला. १९७० साली डेट्रॉइटमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा हेरॉइन पोटात जाऊन दगावला. आधी बोभाटा झाला हॅलोविनच्या खाऊचा. नंतर कळलं, की तो पदार्थ त्याला नातेवाइकाच्या घरात सापडला होता. आणि १९७४ साली टेक्सासमधल्या डिअर पार्क गावात आठ वर्षांचा मुलगा सायनाइडनं मेला. ते विष त्याच्या जन्मदात्यानंच दिलं होतं. विम्याच्या पैशासाठी. संशय येऊ नये म्हणून त्यानं तसाच खाऊ स्वतःच्या मुलीला आणि इतरही मुलांना दिला होता, सुदैवानं त्यांनी तो खाल्ला नाही. बापाला १९८४ साली मृत्युदंड झाला.

नीट पाहा. या प्रकरणात परका शेजारी कुठेच नाही. आणि विष होतं कशात? घरच्या लाडवात नव्हे. ते होतं कारखान्यात बनलेल्या, साखरेच्या भुकटीनं भरलेल्या, दुकानात मिळणाऱ्या नळीत. नळी वरून उघडून पुन्हा बंद केलेली होती. पुढे १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या गोळ्यांत कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं गेली. तेही बंद डबीतलंच औषध. हे घडलं हॅलोविनच्या तोंडावर. त्या वर्षी कित्येक गावांनी मुलांचं फिरणंच थांबवलं, काही इस्पितळांनी पिशव्या एक्स-रेखाली तपासून द्यायला सुरुवात केली.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानं १९५८ पासूनची वर्तमानपत्रं काढून प्रत्येक बातमीचा माग घेतला आणि सहकाऱ्याबरोबर १९८५ साली निष्कर्ष छापले. दारोदार फिरणाऱ्या अनोळखी मुलाला कुण्या परक्यानं विषारी खाऊ देऊन मारल्याचं एकही उदाहरण त्याला मिळालं नाही. टाचण्यांच्या बहुतेक बातम्या मुलांनीच केलेल्या थापा निघाल्या. त्यानं पुढेही वर्षानुवर्षं हा शोध चालू ठेवला, उत्तर बदललं नाही. पण तोवर उशीर झाला होता. आयांनी एकमेकींना सांगून टाकलं होतं: वेष्टन नसेल ते फेकून दे. लाह्यांचे लाडू कचऱ्यात गेले, मग कुणी करेनासं झालं. हा घबराटीचा बाजार कंपन्यांनी मांडला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही; पण रिकामी झालेली जागा त्यांनी भरली, एवढं नक्की. छोट्या वेष्टनांतली चॉकलेटं जणू त्या वाडग्यासाठीच जन्माला आली.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. २०२४ साली मी तिच्याकडे होते. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली. पहाटे उटणं लावून अंघोळ झालेला तिचा मुलगा संध्याकाळी सांगाड्याचा पोशाख घालून बसला होता. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बिस्किटांची भुतं केली होती, त्यातल्या निम्म्यांचे डोळे तिरळे. मी म्हटलं, "अगं, ही दारात ठेवूया की. चकल्यांचा डबाही ठेवते बाजूला."

"मावशी, नको," ती म्हणाली. "कुणी घेणार नाही. आणि घेतलं तरी घरी गेल्यावर टाकतील. मी पण टाकते."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं तिथे बरीच, आणि घरच्या खाऊवर घटकांची यादी छापलेली नसते. ही अडचण काही विषाच्या अफवेसारखी पोकळ नाही. २०१४ पासून तर तिकडे काही घरं दारात निळसर हिरवा भोपळा ठेवतात. 'आमच्याकडे खाऊऐवजी खेळणंही मिळेल', अशी ती खूण.

मग तिनं दोन वाडगी मांडली. एक दारात, दुकानातल्या चॉकलेटचं. दुसरं आत टेबलावर, तिरळ्या भुतांचं. साडेसहाला पलीकडच्या गल्लीतली एक आई मुलीला घेऊन आली. दोघी एकाच बसथांब्यावर रोज उभ्या राहतात. भाचीनं तिला आत बोलावलं आणि दुसरं वाडगं पुढे केलं. मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं विचारलं, "यात शेंगदाणे नाहीत ना?" भाची म्हणाली, "नाहीत." मुलीनं एक भूत उचललं आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.