औंधच्या डोंगरावर इंग्रजीचा तास

आजची गोष्ट औंधची आहे, पण निघायचंय म्हसवडहून. माझी भाची तिथं दहावीला आहे. इंग्रजीत मार्क बरे पडतात तिला. मागच्या दिवाळीत सहज म्हटलं, आज दिवसभर काय केलंस ते इंग्रजीत सांग बरं. पोरगी गप्प. पण सणावरचा निबंध म्हण म्हटल्यावर एका दमात सगळा म्हणून दाखवला. हसू नका, माझंही तिच्या वयात हेच होतं.

मला वाटतं, शब्द होते तिच्याकडे. सांगण्यासारखं काही समोर नव्हतं.

म्हणून एका रविवारी दोघं एसटीनं निघालो. गोंदवले, दहिवडी, वडूज आणि मग औंध. यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत श्रीभवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 मध्ये उभं केलं. राजा रविवर्मा, धुरंधर, माधव सातवळेकर यांची चित्रं इथं आहेत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटरही आहेत, तेच ते सिनेमावाले. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्पसुद्धा! खटाव तालुक्यातल्या डोंगरावर हेन्री मूर, विचार करा.

बाळासाहेब म्हटलं की लोकांना सूर्यनमस्कार आठवतात. पण हा राजा स्वतः चित्रकार होता. रामायणावरच्या त्यांच्या चित्रांचं पुस्तक 1916 मध्ये निघालं. पुढे 1929 मध्ये वेरूळवर आणि 1932 मध्ये अजिंठ्यावर त्यांनी इंग्रजीत एकेक हँडबुक लिहिलं. अजिंठ्याच्या भिंतीवर काय काय दिसतंय, ते इंग्रजीत सांगायचं. म्हणजे मी भाचीकडून जे करून घ्यायला निघालो होतो, ते या माणसानं पुस्तकभर करून ठेवलेलं.

आता खरं तेही बोलू. ती पुस्तकं ज्यांना आधीच इंग्रजी येतं, त्यांच्यासाठी होती. माणदेशातल्या पोराला इंग्रजीपर्यंत पोचायला शाळाच लागायची, आणि ती मिळणं सोपं नव्हतं. म्हसवडच्या शेजारचं आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. तिथले शंकरराव खरात गावकुसाबाहेरच्या घरातून माध्यमिक शिक्षणासाठी औंधला आले. पुढे लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ग. दि. माडगूळकरही औंधच्याच शाळेतले. इंग्रजी तेव्हाही दरवाजा होता, आजही आहे. कॉलेजचा, नोकरीचा, मुलाखतीचा. दरवाज्याशी अडकलेली पोरं मात्र कुणी मोजत नाही.

चित्र दाखवून भाषा शिकवायची युक्ती जुनीच. कोमेनियस नावाच्या शिक्षकानं 1658 मध्ये मुलांना लॅटिन शिकवायला चित्रांचं पुस्तक काढलं. वर चित्र, खाली त्यातल्या वस्तूंची नावं. अलीकडे अमेरिकेत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी चित्रासमोर मुलांना बोलतं करायची पद्धत बसवली. येनावाइन न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात होते. त्या पद्धतीत प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? चित्रकार कोण, साल कुठलं, हे शिक्षक आधी सांगतच नाही. मला यातला दुसरा प्रश्न सगळ्यात आवडतो. ‘कशावरून’ विचारलं की पोराला ‘बिकॉज’ म्हणावंच लागतं, आणि एका शब्दाचं उत्तर आपोआप लांबतं.

आपल्याकडे शाळेची सहल संग्रहालयात रांगेनं शिरते आणि रांगेनंच बाहेर पडते. बोलू नका, हात लावू नका. हात लावू नका हे ठीक. पण बोलू नका?

तर आम्ही मूरच्या शिल्पासमोर उभे राहिलो. मी नाव सांगितलं नाही. भाची पाच मिनिटं नुसती बघत होती. मग हळूच म्हणाली, “मामा, चुकलं तर?”

म्हटलं, “इथं परीक्षा नाही. काय दिसतंय तेवढं सांग.”

“मदर इज टायर्ड.”

“कशावरून?”

“बिकॉज...” थांबली. डोळे शिल्पावरच. “बिकॉज बेबी इज हेवी. अँड शी इज नॉट पुटिंग हिम डाउन.”

यातला एक शब्दही पाठ केलेला नव्हता. व्याकरण तपासायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. पुढचा तासभर ती दालनातून फिरत होती. अडलं तिथं मराठी, मग पुन्हा इंग्रजी. एका चित्रासमोर आमचं चक्क भांडण झालं. मला त्यातली बाई रागावलेली वाटत होती, तिला घाबरलेली. भांडण तिनं इंग्रजीत सुरू केलं, आणि एसटी वडूज सोडून पुढं आली तरी ते चालूच होतं.