एक माणूस, किती साचे?

गेल्या काही वर्षांत नोकरीच्या जाहिरातींत ‘फुल-स्टॅक डेव्हलपर’ हा शब्द वारंवार वाचावयास मिळतो. स्टॅक म्हणजे चळत. ताटावर ताट रचावे, तसे संकेतस्थळही थरावर थर चढवून उभे राहते. रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढण्याचे उदाहरण घेऊ. डोळ्यांना दिसते ते पान आणि त्यावरील बटण, हा वरचा थर. बटण दाबताच मागणी दूरच्या सर्व्हरकडे जाते. तेथला प्रोग्रॅम गाडी, तारीख, भाडे तपासतो, हा मधला थर. त्याखाली माहितीचे कोठार. शेवटच्या एका जागेसाठी दोन ठिकाणांहून दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले, तरी जागा एकालाच मिळेल ही जबाबदारी तेथे सांभाळावी लागते. आणि सर्वांत तळाशी हे सारे ज्यांवर चालते ती यंत्रे. ही सगळी चळत जो हाताळतो, तो फुल-स्टॅक डेव्हलपर.

मी कामगार-संघटनेचा माणूस. माझे शिक्षण वाचनालयात आणि सभांच्या मांडवांत झाले. प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या माझ्यापाशी नाही. तरीही या विषयावर बोलावयास उभा राहिलो, याचे कारण असे की, एका माणसाने किती यंत्रे सांभाळावीत हा प्रश्न आमच्या चळवळीइतकाच जुना आहे. नव्या धंद्यात तो नवे नाव घेऊन आला आहे, इतकेच. त्या धंद्याचा इतिहास मुळापासून पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर देता यावयाचे नाही.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुविज्ञान-संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एक टिपण वरिष्ठांपुढे ठेवले. निरनिराळ्या यंत्रांवर विखुरलेली माहिती एकमेकींशी जोडावी, अशी त्यात सूचना होती. १९९० अखेर त्यांनी पानांची खूणभाषा एचटीएमएल, पान दाखविणारा पहिला ब्राउझर आणि पान पुरविणारा पहिला सर्व्हर, असे तिन्ही स्वतः सिद्ध केले. ज्या संगणकावर हा सर्व्हर चालत असे त्यावर, हे यंत्र बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटविलेली होती. यंत्र बंद तर जगातले सारे वेब बंद, अशी ती अवस्था! निकोला पेलो या विद्यार्थिनीने इतर संगणकांवरही चालेल असा साधा ब्राउझर लिहिला, रॉबर्ट कायो यांनी साहाय्य केले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य मोकळे केले, ही गोष्ट कामगारांनी विशेष ध्यानात ठेवावी. कारण पुढे लक्षावधी लोकांना मिळालेली भाकरी या मोकळ्या दाराने आली.

सुरुवातीच्या काळात संकेतस्थळ उभारणारा माणूस एकच असे. त्याला वेबमास्टर म्हणत. पाने तोच लिही, चित्रे तोच चिकटवी, सर्व्हरही तोच राखी. या अर्थाने तो गावच्या सुतारासारखा होता. लाकूड निवडण्यापासून पलंगाला शेवटचा रंधा मारण्यापर्यंत सर्व एकाच हाती. एकट्याला ते जमे, कारण करण्यासारखे मुळात थोडे होते.

हे थोडेपण १९९५ साली संपले. त्या एका वर्षात अपाचे हा सर्व्हर, मायएसक्यूएल हे माहितीचे कोठार आणि रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी या साधनांच्या पहिल्या आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला आणि स्थिर पान हालचाल करू लागले. १९९६ अखेर पानाचे रूप ठरविणारी सीएसएस ही भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली. काम वाढले, धंद्यात पैसा आला, आणि जेथे पैसा येतो तेथे श्रमविभागणी येते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन सांगितले होते की, दहा माणसांनी कामे वाटून घेतल्यास दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या होतात. वेबच्या कारखान्यातही तेच घडले. पानाचे रूप आखणारा वेगळा, ‘फ्रंट-एंड’वाला वेगळा, ‘बॅक-एंड’वाला वेगळा, कोठाराचा रखवालदार वेगळा, यंत्रांची देखभाल करणारा वेगळा. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील नॅस्डॅक निर्देशांक पाच हजारांवर चढला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे अकराशेवर कोसळला. अनेक कंपन्या बुडाल्या. पण विभागणी मोडली नाही.

ती मोडली पुढील दहा वर्षांत, आणि तिला तीन कारणे झाली. पहिले कारण, मोकळ्या साधनांचा संचय. २००४ मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’ ही बांधणीची चौकट आली. वारंवार लागणारे काम तीत आयतेच केलेले असे. दुसरे, २००६ मध्ये ॲमेझॉनने आपली यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. स्वतःची यंत्रे विकत घेऊन ती राखण्यासाठी माणसे ठेवण्याची गरज त्यामुळे पुष्कळ घटली. त्याच वर्षी त्या कंपनीचे तंत्रप्रमुख वेर्नर फोगल्स यांनी एका मुलाखतीत असे मत मांडले की, जो गट बांधतो त्यानेच ते चालवावे. तिसरे, २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड-जेएसमुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालू लागली. वरच्या व मधल्या थराची भाषा एकच झाली, आणि मधली भिंत पडली.

२०१० मध्ये फेसबुकमधील कार्लोस ब्यूनो यांनी फुल-स्टॅक प्रोग्रॅमरविषयी लिहिले तेव्हा त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा होता. अशा माणसाला अनेक थरांची जाण असते, म्हणून एका थरातील चूक दुसऱ्यात कोठे उमटते हे त्याला कळते, असा त्याचा आशय. यात वावगे काहीच नाही. आपल्या कामाचा आदिअंत कामगाराला दिसावा, ही तर आमचीही इच्छा. हॅरी ब्रेव्हरमन हा अमेरिकन लेखक मूळचा तांबटकाम शिकलेला कामगार. डोके आणि हात यांची ताटातूट केली की कामगार दुबळा होतो, हे त्याने १९७४ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले. मग ताटातूट संपविणाऱ्या या नव्या कारागिराचे आम्ही स्वागतच करावयास नको काय?

येथे मला मुंबईचे १९२८ साल आठवते. त्या काळी विणकर साधारणपणे दोन साचे चालवी. मालकांनी तीन साच्यांची योजना पुढे आणली आणि तिला ‘कार्यक्षमता’ असे भारदस्त नाव दिले. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, दीड लाखाच्या घरात कामगार संपावर राहिले. त्यांच्या सतरा मागण्या होत्या. आज त्या संपाकडे पाहताना पुष्कळ जण म्हणतात की, कामगारांना सुधारणा नको होती. मला हे पटत नाही. तिसरा साचा चालविणे कोणास शक्यच नव्हते, असा खरा वाद नव्हता. तिसऱ्या साच्याने जो माणूस वाचला त्याचे पुढे काय, आणि जी मजुरी वाचली ती कोणाच्या खिशात गेली, हे दोन प्रश्न होते.

हेच दोन प्रश्न फुल-स्टॅकलाही विचारले पाहिजेत. पुण्याच्या बाजूस नोकरी करणारा एक तरुण मागे आमच्या कार्यालयात आला होता. “काका, मला काम आवडतं,” तो म्हणाला, “सगळं समजतं, सगळं करता येतं. पण आधी आम्ही तिघं होतो, आता मी एकटा आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला तरी फोन मलाच येतो.” त्याच्या नेमणूकपत्रात कामाचे वर्णन एका ओळीचे होते आणि रात्रीच्या त्या तासांचा त्यात उल्लेखही नव्हता. मी त्याला विचारले, तिघांचे काम करतोस, पगार किती जणांचा? तो हसला. त्या हसण्यात उत्तर होते.

या धंद्यातील चढण सांगावयाची तर ती अशी : प्रथम कनिष्ठ डेव्हलपर, मग ज्येष्ठ, पुढे कोणी गटप्रमुख होतो, कोणी साऱ्या रचनेचा आराखडा करणारा आर्किटेक्ट. पहिली पायरी पुष्कळांनी स्वतःच्या अभ्यासावर गाठली आहे. २०१२ पासून अमेरिकेत काही आठवड्यांत ही विद्या शिकविणारे ‘बूटकँप’ही निघाले. पण चळतीतील कोणता ना कोणता थर दरवर्षी बदलतो. त्यामुळे शिकणे कधी संपत नाही, आणि ते बहुधा रविवारी, स्वतःच्या खर्चाने होते. त्यात २०२१ पासून प्रोग्रॅमच्या ओळी सुचविणारी यंत्रे आली. साधी, वळणाची कामे, म्हणजे नवख्याने हात बसविण्याची कामे, ती करू लागली. शिडीची खालची पायरीच काढून घेतली, तर वरच्या पायरीवर उद्या कोण उभा राहणार, याचा विचार मालकांनीही करावा.

या तरुणांना मी एवढेच सांगेन की, तुम्ही स्वतःला काहीही म्हणवून घेत असाल, कायद्याच्या परिभाषेत तुम्ही कामगार ठरू शकता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘तांत्रिक’ काम करणारा हा शब्द १९५६ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो राहिला आहे. सर्व थर शिकून घ्या. ज्ञान कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मात्र नेमणूकपत्रात कामाची व्याप्ती लिहून घ्या, रात्रीच्या फोनच्या तासांची मोजदाद मागा, शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे असा आग्रह धरा. आणि हे मागणे एकट्याने मागू नका. चळत कितीही उंच असली तरी ती एकट्याने उचलता येते. हक्क मात्र आजवर कोणाला एकट्याने मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.