पट्टीखालची त्वचा : सोलापूर व मुंबईतील प्रयोग

जखमेवरील पट्टी केवळ धूळ आणि जंतू रोखते, हा समज अपुरा आहे. जखम भरताना कडांवरील आणि शिल्लक केशमुळांतील त्वचापेशी विभाजित होऊन उघड्या भागावर सरकतात. पृष्ठभाग ओलसर असल्यास हा प्रवास सुकर होतो. कोरडी खपली धरल्यास पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकलेल्या जखमांवर, उघड्या जखमांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट वेगाने त्वचा आली.

साधे गॉज वाळले की जखमेला चिकटते आणि काढताना नव्या पेशींचा थरही ओरबाडून नेते. भाजलेल्या रुग्णाला पट्टी बदलण्याची धास्ती वाटते ती यामुळेच. न चिकटणाऱ्या आयात पट्ट्या सरकारी रुग्णालयांना परवडणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी व सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली. तो अहवाल २००३ चा. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचा १९९१ चा अभ्यास अधिक गाजला. वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मध, तर निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन लावण्यात आले. पंधरा दिवसांत मध लावलेल्या ८७ टक्के, तर दुसऱ्या गटातील १० टक्के जखमा भरल्या. जंतुनाशक चांदीचे हे औषध प्रयोगशाळेत त्वचापेशींनाही घातक ठरल्याचे आढळले आहे, ही बाब येथे महत्त्वाची.

एवढी मोठी तफावत सावधपणेच वाचावी. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यानुसार त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत न पोहोचलेल्या भाजण्यात मधामुळे जखम नेहमीच्या पट्टीपेक्षा चार-पाच दिवस आधी भरते. मात्र सिल्व्हर सल्फाडायझिनशी केलेल्या तुलनेचा पुरावा कमकुवत आहे. घरातील मध थेट जखमेवर लावण्याचा हा परवानाही नव्हे. रुग्णालयांत निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वापरतात. मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणे मधापेक्षा सरस ठरते, असे १९९९ मध्ये नोंदवले ते डॉ. सुब्रह्मण्यम यांनीच.